ची-चीज नेमकं कशाने बंद पडलं?

मार्च २०२५ मध्ये ‘ऑन द बॉर्डर’ या अमेरिकेतल्या हॉटेलसाखळीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिनेसोटा राज्यातल्या सेंट लुइस पार्क इथे ‘ची-चीज’ नावाचं हॉटेल सुरू झालं. दोन्ही साखळ्या टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सासमधल्या मेक्सिकन धाटणीच्या, जेवणाच्या. एक अडचणीत सापडलेली, आणि दुसरी २००४ मध्ये अमेरिकेत पूर्ण बंद पडून आता त्याच नावाने परत आलेली.

अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच जणांना या दुसऱ्या बातमीचं कोडं पडलं. ची-चीजच्या साल्साची, म्हणजे टोमॅटोच्या तिखट चटणीची, बाटली तर इतकी वर्षं किराणा दुकानात मिळतेय, मग कंपनी बंद कधी पडली होती? आणि ज्यांना २००३ साल आठवतं ते लगेच सांगतात, ‘कावीळ पसरली होती ना त्यांच्या हॉटेलातून, त्यात संपली ती.’ कावीळ पसरली होती, माणसं गेली होती, हे खरं आहे. पण कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा त्या साथीचा कुणालाच पत्ता नव्हता. हा तारखांचा घोळ उलगडला की साखळी हॉटेलांचा धंदा कसा उभा राहतो आणि कसा मोडतो, हेही बरंच कळतं.

## टेक्स-मेक्स आणि ‘कॅज्युअल डायनिंग’

टेक्सास हा प्रांत १८३६ पर्यंत मेक्सिकोचा भाग होता. तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या घरांमधला स्वयंपाक अमेरिकन बाजारातल्या जिनसांना भेटला, त्यातून टेक्स-मेक्स तयार झालं. मक्याच्या भाकरीच्या जोडीला गव्हाची पोळी, भरपूर पिवळं चीज, गोमांसाचा खिमा, आणि आपल्या ओळखीचं जिरं. मेक्सिकोच्या आतल्या भागातल्या स्वयंपाकात जिऱ्याचा असा मारा नसतो. नाचोज, म्हणजे मक्याच्या चिप्सवर वितळवलेलं चीज, हा पदार्थ सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात १९४० च्या दशकात इग्नासिओ अनाया यांनी आयत्या वेळी जमवला. टकीला घातलेलं बर्फाळ मार्गारिटा सरबत यंत्रातून काढायची युक्ती १९७१ मध्ये डॅलसच्या मारिआनो मार्टिनेझ यांची. त्यांनी आइस्क्रीमचं यंत्रच त्यासाठी वापरलं, आणि ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

परदेशी गेलेल्या शाकाहारी मराठी माणसाचा या जेवणाशी लवकर संबंध येतो, कारण राजम्यासारख्या घेवड्याची उसळ, भात, चीज आणि तिखट हे सगळं एका पोळीत मिळतं. जाता जाता एक सांगून ठेवते: जुन्या पद्धतीच्या घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असते. विचारल्याशिवाय खाऊ नये.

‘कॅज्युअल डायनिंग’ म्हणजे मधल्या दर्जाचं हॉटेल. वेटर टेबलाशी येतो, बहुतेक ठिकाणी दारूचा बार असतो, बिल खिसा रिकामा करणारं नसतं, आणि लहान मुलांनी आरडाओरडा केला तरी कुणी भुवया उंचावत नाही. मॅकडॉनल्ड्सच्या वर आणि पांढऱ्या टेबलक्लॉथच्या खाली. १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेत या प्रकाराची चलती होती. दोघं नवराबायको नोकरी करू लागली होती, शहराबाहेर मॉल उभे राहत होते, आणि आठवड्यातून एकदा बाहेर जेवणं हा मध्यमवर्गीय रिवाज होत होता.

## मिनेसोटात मेक्सिकन जेवण

ची-चीजचं पहिलं हॉटेल १९७५ मध्ये मिनियापोलिसजवळच्या रिचफील्डमध्ये उघडलं. हे ठिकाण मेक्सिकोच्या सीमेपासून फार लांब, कॅनडाच्या बाजूला. थंडी कडाक्याची, आणि वस्ती मुख्यतः स्वीडिश, नॉर्वेजियन, जर्मन वंशाची. हॉटेल घालणारे दोघं: मार्नो मॅकडरमॉट हा हॉटेलधंद्यातला माणूस, आणि मॅक्स मॅगी हा ग्रीन बे पॅकर्स संघाचा माजी फुटबॉलपटू. १९६७ च्या पहिल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अजिंक्यपदाच्या सामन्यात, पहिला टचडाउन मॅगीचा होता. त्या भागात हे नाव घराघरात माहीत होतं.

जिथे मेक्सिकन माणसं नाहीत तिथेच मेक्सिकन जेवण विकायचं, हीच त्यांच्या यशाची किल्ली होती असं मला वाटतं. सॅन अँटोनिओमध्ये ची-चीजला कुणी विचारलंही नसतं. तिथे गल्लोगल्ली घरगुती हॉटेलं होती आणि गिऱ्हाइकाला चव कळत होती. मिनेसोटा, ओहायो, पेनसिल्व्हेनियात स्पर्धाच नव्हती, आणि तुलना करायला कुणाकडे आठवण नव्हती. तिखट बेताचं, चीज भरपूर, ताटं मोठी. चिमिचांगा, म्हणजे सारण भरून तळलेली पोळी, आणि तळलेलं आइस्क्रीम हे त्यांचे हुकमी पदार्थ. वाढदिवसाला गिऱ्हाइकाच्या डोक्यावर मोठी मेक्सिकन टोपी चढवायची. हजारो अमेरिकन कुटुंबांनी आयुष्यातला पहिला टॅको, म्हणजे सारण भरून दुमडलेली मक्याची भाकरी, इथे खाल्ला.

पुढे कंपनीचं मुख्य कार्यालय केंटकीतल्या लुइव्हिलला गेलं, हॉटेलं वाढत गेली, आणि मार्च १९९५ पर्यंत त्यांची संख्या २१० झाली.

## फुकटच्या चिप्समागचा हिशेब

टेबलावर बसल्या बसल्या मक्याच्या चिप्सची टोपली आणि साल्साची वाटी येते. साल्सा म्हणजे टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर यांची न शिजवलेली चटणी. त्याचे पैसे नाहीत, आणि पुन्हा मागितलं तर पुन्हा मिळतं. हे परवडतं कसं?

मका स्वस्त, टोमॅटो स्वस्त. चिप्स खारट, म्हणून तहान लागते आणि मार्गारिटा मागवला जातो. दारूवरचा नफा जेवणावरच्या नफ्यापेक्षा बराच जास्त असतो. शिवाय स्वयंपाकघराला दहा मिनिटं मिळतात आणि गिऱ्हाईक वाट बघताना वैतागत नाही. टेक्स-मेक्स हॉटेलांचं गणित या टोपलीवर उभं आहे. ही टोपली लक्षात ठेवा, पुढे ती वेगळ्या कारणाने येणार आहे.

आता मोठा हिशेब. या धंद्यातला ढोबळ आडाखा असा: शंभर डॉलरच्या गल्ल्यातले तीसेक डॉलर कच्च्या मालाला जातात, तीसेक पगाराला. भाडं, वीज, विमा, जाहिरात, दुरुस्ती धरून आणखी पस्तीस. उरले पाच. धंदा बरा चालला तर.

समजा दहा टक्के गिऱ्हाईक कमी झालं. गल्ला नव्वदवर आला. कच्चा माल तेवढ्या प्रमाणात कमी लागेल, म्हणजे सत्तावीस. पण भाडं तेवढंच. आचारी आणि वेटरही जवळजवळ तेवढेच लागतात, कारण अर्ध्या रिकाम्या हॉटेललाही पूर्ण स्वयंपाकघर लागतं. सत्तावीस, तीस आणि पस्तीस मिळून ब्याण्णव. नव्वद आले आणि ब्याण्णव गेले. दहातला एक माणूस यायचा थांबला की नफ्याचा तोटा होतो. मॉलच्या आवारातल्या अडीचशे-तीनशे खुर्च्यांच्या प्रशस्त हॉटेलांना हा फटका जास्तच लागतो, कारण वीस वर्षांचा भाडेकरार गिऱ्हाईक बघून बदलत नाही.

## ज्यांना चव लावली, तेच पुढे निघून गेले

१९९१ मध्ये अमेरिकेच्या किराणा दुकानांत साल्साच्या विक्रीची रक्कम टोमॅटो केचपच्या पुढे गेली. ची-चीजच्या दृष्टीने ही बातमी गोडही होती आणि कडूही. देशाला या चवीची सवय लावण्यात त्यांचा वाटा होता. पण सवय लागलेलं गिऱ्हाईक चिप्स-साल्सा घरी आणून टीव्हीसमोर खाऊ लागलं.

त्याच दशकात मेक्सिकोतून आलेली कुटुंबं मिडवेस्टच्या, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातल्या, गावांमध्ये स्थायिक होत होती. मांस प्रक्रियेच्या कारखान्यांत, बांधकामांवर, शेतांवर कामाला आलेल्या या लोकांनी छोटी हॉटेलं काढली. तिथे टॅको स्वस्त होता आणि कितीतरी चवदार होता. वरच्या बाजूने चिपोटले आली. स्टीव्ह एल्स यांनी १९९३ मध्ये डेन्व्हरमध्ये ती सुरू केली. रांगेत उभं राहा, डोळ्यांसमोर भरून घ्या, वेटर नाही, टीप नाही, वीस मिनिटांत जेवण उरकतं. खालच्या बाजूला टॅको बेल १९६२ पासून होतीच.

ची-चीज या सगळ्यांच्या मध्ये अडकली. अस्सलपणात छोट्या हॉटेलांनी मागे टाकलं, वेगात चिपोटलेने, किमतीत टॅको बेलने. ओळख करून देणारा म्हणून तिचं काम झालं होतं, आणि त्यापलीकडे काय द्यायचं हे तिला ठरवता आलं नाही. खरं तर ते ठरवायला हवं होतं अशा नेमक्या वर्षांत कंपनीचे मालक दुसऱ्याच कामात गुंतले होते.

## मालक बदलत गेले, कर्ज साचत गेलं

१९८८ मध्ये ची-चीज फूडमेकरने विकत घेतली. ही ‘जॅक इन द बॉक्स’ या बर्गर साखळीची मालक कंपनी. १९९३ मध्ये जॅक इन द बॉक्सच्या कच्च्या राहिलेल्या बर्गरमधून ई. कोलाय जंतूची साथ पसरली. सातशेहून जास्त लोक आजारी पडले, चार लहान मुलं दगावली. अमेरिकेच्या अन्नसुरक्षेच्या इतिहासातली ही फार मोठी घटना, आणि तिने मांस तपासणीचे नियम बदलले. त्या संकटात बुडालेल्या फूडमेकरने पुढच्या वर्षी ची-चीज दुसऱ्या कंपनीत ढकलली. त्या फॅमिली रेस्टॉरंट्स कंपनीकडे कॅलिफोर्नियातली एल टोरिटो ही मेक्सिकन साखळीही होती.

हा व्यवहार कर्जाच्या जोरावर झाला, आणि ते कर्ज कसं काम करतं हे समजून घ्यायला हवं. समजा कुणी तुमच्या गावातली चांगली चाललेली खानावळ विकत घेतली. त्यासाठी त्याने बँकेतून कर्ज काढलं, पण ते स्वतःच्या नावावर न ठेवता खानावळीच्याच वहीत लिहिलं. काल ती कुणाचं देणं लागत नव्हती, आज दर महिन्याला हप्ता भरते. भाजी तीच, आचारी तोच, गिऱ्हाईक तेवढंच. जे पाच रुपये उरत होते ते हप्त्याला गेले. मग मोडकी खुर्ची बदलायला, नवा पदार्थ करून बघायला, चांगल्या आचाऱ्याचा पगार वाढवायला पैसा येणार कुठून? मोठ्या कंपन्यांमध्ये याला ‘लेव्हरेज्ड बायआउट’ म्हणतात. तो दर वेळी बुडवतोच असं नाही. गिऱ्हाईक वाढत असेल तर हप्ता सहज निघतो. गिऱ्हाईक घटत असलेल्या हॉटेलला मात्र तो गळफास होतो.

फॅमिली रेस्टॉरंट्सने पुढे नाव बदललं, मग आणखी एकदा बदललं, आणि १९९९ पासून ती प्रँडियम झाली. २००० मध्ये कर्ज हलकं करायला एल टोरिटो विकली. म्हणजे जो भाग बऱ्यापैकी चालत होता तो गेला आणि जो आजारी होता तो उरला. २००२ मध्ये खुद्द प्रँडियम दिवाळखोरीत गेली. एकेकाळच्या २१० हॉटेलांपैकी २००३ मध्ये शंभराच्या आसपास उरली होती.

८ ऑक्टोबर २००३ रोजी ची-चीजने ‘चॅप्टर ११’ खाली अर्ज केला. आपल्याकडे दिवाळखोरी म्हटलं की दुकानाला टाळं असंच डोळ्यांसमोर येतं. चॅप्टर ११ वेगळं आहे. कंपनी न्यायालयाकडे संरक्षण मागते, घेणेकऱ्यांचा तगादा तात्पुरता थांबतो, आणि धंदा चालू ठेवून देणी कशी फेडायची याची योजना मांडायला वेळ मिळतो. काही कंपन्या यातून सुधारून बाहेर येतात.

## ऑक्टोबरचे ते चार दिवस

पेनसिल्व्हेनियातलं मोनाका हे पिट्सबर्गजवळचं गाव. तिथल्या बीव्हर व्हॅली मॉलमध्ये ची-चीजचं एक हॉटेल होतं. नोव्हेंबर २००३ च्या सुरुवातीला आसपासच्या दवाखान्यांमध्ये कावीळ झालेली माणसं येऊ लागली. एकामागून एक, आणि सगळ्यांनी त्याच हॉटेलात जेवलेलं.

ही हिपॅटायटिस ए ची साथ होती. या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, सरासरी २८. म्हणून तपास करणाऱ्यांना महिनाभर मागे जावं लागलं. महिन्यापूर्वी काय खाल्लं हे कुणाला आठवणार? त्यांनी क्रेडिट कार्डाच्या पावत्या पाहिल्या, मेनूकार्ड समोर ठेवून प्रश्न विचारले, आजारी पडलेल्यांची न पडलेल्यांशी तुलना केली. ज्यांना आपला जेवणाचा नेमका दिवस सांगता आला, त्यांच्यातले बहुतेक ३ ते ६ ऑक्टोबर या चार दिवसांत जेवले होते. आजारी पडलेल्यांपैकी ९१ टक्के लोकांनी सौम्य साल्सा खाल्ला होता, न पडलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी. त्या साल्सात कांद्याची पात होती, कच्ची.

आणि तो साल्सा त्याच फुकटच्या टोपलीसोबत जात होता. एखाद्या पदार्थातून विषाणू गेला असता तर तो मागवणाऱ्यांपुरता राहिला असता. साल्सा मोठ्या भांड्यांत एकदम बनत होता, दिवसेंदिवस पुरवला जात होता, आणि कुणी काहीही मागवलं तरी त्याच्यासमोर ठेवला जात होता. नफ्याची जी किल्ली होती तिच्यातूनच रोग सगळीकडे पोहोचला.

पुढे प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय अभ्यासात ६०१ रुग्णांची नोंद आहे. किमान १२४ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, तिघांचा मृत्यू झाला. एकाच हॉटेलातून पसरलेली हिपॅटायटिस ए ची एवढी मोठी साथ अमेरिकेने आधी पाहिली नव्हती.

मराठी वाचकाला इथे एक प्रश्न पडेल. आपल्याकडे दूषित पाण्याची कावीळ काही नवी नाही, मग तिथे इतका हाहाकार का? कारण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या बहुतेकांना हा विषाणू लहानपणीच भेटत आला. लहान मुलांमध्ये तो अनेकदा लक्षणंही दाखवत नाही आणि जन्मभराची प्रतिकारशक्ती देऊन जातो. अमेरिकेत स्वच्छ पाण्यामुळे मोठी माणसं त्याला कधी भेटलेलीच नव्हती, आणि प्रौढ वयात तो यकृतावर जोराचा हल्ला करतो. लस १९९५ पासून होती, पण सर्व लहान मुलांना ती द्यावी अशी शिफारस २००६ मध्ये झाली. आपल्या शहरांतल्या ज्या घरांत आता फिल्टरचं पाणी येतं, तिथल्या मुलांचीही स्थिती हळूहळू अमेरिकेसारखी होते आहे. डॉक्टर या लशीचं नाव घेतील तेव्हा म्हणूनच ते कानाआड करू नये.

लागण झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन दिलं तर आजार टळू शकतो. आरोग्यखात्याने सुमारे ९,००० लोकांना ते दिलं. पण ३ ते ६ ऑक्टोबरला जेवलेल्यांसाठी ती मुदत साथ उघडकीला येण्याआधीच संपली होती.

## हॉटेल घाणेरडं होतं म्हणून झालं का?

पहिला संशय स्वयंपाक्यांवर आला. तेरा-एक कर्मचारीही आजारी होते. पण ते गिऱ्हाइकांबरोबरच आजारी पडले होते, आधी नव्हे. म्हणजे त्यांनी रोग दिला नव्हता, त्यांनाही तो तिथेच मिळाला होता. कमी पगारावर राबणाऱ्या माणसांकडे बोट दाखवणं सोपं असतं. इथे तपासाने त्यांना मोकळं केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पात मेक्सिकोतून आली होती. विषाणूची जनुकीय रचना तिकडच्या विषाणूशी जुळली. त्याच सप्टेंबरमध्ये टेनेसी आणि जॉर्जियातही पातीच्या कांद्यामुळे छोट्या साथी आल्या होत्या. पातीचं पीक हाताने काढतात, जुड्या हाताने बांधतात, पाण्याने धुतात आणि बर्फात पाठवतात. यातलं पाणी दूषित असेल किंवा हात, तर विषाणू पातीच्या थरांमध्ये जाऊन बसतो आणि नुसत्या धुण्याने निघत नाही. शिजवलं असतं तर मेला असता. पिकावर शेतातच काय नियम लागू व्हावेत याची चर्चा अशा घटनांनी पेटली, आणि अमेरिकेने २०११ मध्ये अन्नसुरक्षेचा नवा कायदा केला. त्यात भाजीपाल्याच्या शेतीसाठी पाण्यापासून मजुरांच्या स्वच्छतेपर्यंत निकष आले.

## कावीळ आली नसती तर ती वाचली असती?

माझं उत्तर: थोडी वर्षं कदाचित, पूर्वीच्या दिमाखात नाही. तारखा पाहा. दूषित साल्सा खाल्ला गेला ३ ते ६ ऑक्टोबरला. दिवाळखोरीचा अर्ज ८ ऑक्टोबरला. साथ उघड झाली नोव्हेंबरमध्ये. वकील अर्जाची कागदपत्रं तयार करत होते तेव्हा विषाणू शेकडो लोकांच्या शरीरात शिरला होता आणि कुणालाच माहीत नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, साथीतून कंपन्या उठतातच की. बरोबर. जॅक इन द बॉक्स आजही चालू आहे. चिपोटलेतून २०१५ मध्ये ई. कोलाय आणि नोरोव्हायरसच्या साथी पसरल्या, शेअर कोसळला, पुढे २०२० मध्ये तिला अडीच कोटी डॉलरचा दंड झाला. तरी ती आज पूर्वीपेक्षा मोठी आहे. पण २०१५ मध्ये तिच्याकडे भरपूर रोख होती आणि डोक्यावर कर्ज नव्हतं. महिनोन् महिने रिकाम्या खुर्च्यांचा तोटा सोसून, स्वयंपाकघरांची पद्धत बदलून, फुकट जेवणाची कुपनं वाटून गिऱ्हाईक परत आणायला जो दम लागतो तो तिच्यात होता. ची-चीजने तो आधीच हप्त्यांमध्ये संपवला होता.

उलट बाजूचा आक्षेपही ऐकून घ्यावा: मधल्या दर्जाच्या हॉटेलांचे दिवसच संपलेत, मग एकट्या ची-चीजचं काय? चिलीजचं उदाहरण याला आडवं येतं. मुंबईकरांना पवईच्या शाखेमुळे माहीत असलेली ही साखळी डॅलसमध्ये सुरू झाली, तीही १९७५ मध्येच. ती निव्वळ टेक्स-मेक्स नाही, पण फाहिता हा तिचा गाजलेला पदार्थ. तीही मध्यंतरी मरगळली होती. गेल्या काही वर्षांत तिने मेनू छाटला, स्वयंपाकघरातलं काम सोपं केलं, वेटर वाढवले, आणि २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत तिच्या चालू शाखांची विक्री आदल्या वर्षापेक्षा ३१ टक्क्यांनी वाढली. कर्ज तिच्या मालक कंपनीवरही होतं. म्हणजे कर्ज एकटं मारत नाही, आणि हा प्रकारही आपोआप मरत नाही.

## जागा एकाकडे, नाव दुसऱ्याकडे

आता त्या साल्साच्या बाटलीचं कोडं. साखळी हॉटेल आपल्याला एक वस्तू वाटते. कायद्याच्या नजरेत तिचे सुटे भाग असतात: मोक्याच्या जागांचे भाडेकरार, नाव आणि चिन्ह, पाककृती. हे वेगवेगळे विकता येतात.

२००४ मध्ये आउटबॅक स्टेकहाउस या दुसऱ्या हॉटेलसाखळीने ची-चीजच्या ७६ जागांच्या हक्कांसाठी ४ कोटी २५ लाख डॉलरची बोली लावली. त्यांना नाव नको होतं, पाककृती नको होत्या. मॉलजवळच्या, पार्किंग असलेल्या जागा हव्या होत्या. १८ सप्टेंबर २००४ च्या शनिवार-रविवारी उरलेली ६५ हॉटेलं बंद झाली.

नाव मात्र हॉर्मेल या मिनेसोटातल्याच अन्नकंपनीच्या साल्सावर आणि चिप्सवर चालू राहिलं. त्यामुळे हॉटेल मेल्यावरही बाटली मांडणीवर दिसत राहिली. बेल्जियममध्ये त्याच नावाची हॉटेलंही पुढे चालू राहिली. ऑन द बॉर्डरचंही असंच आहे. २०२० मध्ये अट्झ या वेफर्स बनवणाऱ्या कंपनीने तिच्या नावाचे चिप्स विकणारी कंपनी आणि ते नाव मिळून सुमारे ४८ कोटी डॉलरला घेतलं. हॉटेलं तोट्यात आणि नाव मोलाचं, हा प्रकार वाचायला विचित्र वाटतो. पण पिशवीवरच्या नावाला भाडं द्यावं लागत नाही, आचारी लागत नाही.

या विभागणीत कोण कुठे उभं असतं तेही बघावं. दिवाळखोरीत तारण घेतलेल्या सावकाराचा नंबर पहिला. अन्नातून आजारी पडलेलं गिऱ्हाईक विनातारण घेणेकऱ्यांच्या रांगेत. विमा असेल तर त्याच्या हाती काही लागतं. ते कंपनीच्या अर्जाआधी जेवलं की नंतर, यालाही कायद्यात अर्थ असतो. ज्याचं यकृत निकामी झालं त्याला हा फरक समजावून सांगायची वेळ कुणावर येऊ नये. आणि शनिवार-रविवारात ज्यांची नोकरी गेली ते वेटर, आचारी, भांडीवाले ४ कोटी २५ लाखांच्या व्यवहारात कुठेच नव्हते.

## आता तेच नाव चालेल का?

नवं हॉटेल काढणारा मायकल मॅकडरमॉट हा संस्थापक मार्नो यांचा मुलगा. त्याने डिसेंबर २०२४ मध्ये घोषणा केली. नाव हॉर्मेलकडे असल्याने त्याला आपल्याच वडिलांच्या हॉटेलाचं नाव वापरायला परवानगीचा करार करावा लागला. हॉटेल उघडलं तेही रिचफील्डपासून जवळच.

ज्यांच्या डोक्यावर १९८५ मध्ये ती मोठी टोपी चढली होती ती मुलं आज पन्नाशीत आहेत. ती एकदा नक्की जातील, पोरांना घेऊन जातील. पण मिनियापोलिसमध्ये आता उत्तम मेक्सिकन हॉटेलं मुबलक आहेत, आणि ती मेक्सिकन कुटुंबं चालवतात. १९७५ ची ओळख करून देण्याची संधी परत मिळणार नाही. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांतल्या रांगांवरून मी तरी काही ठरवणार नाही. दुसरी आणि तिसरी शाखा कधी उघडते, आणि त्यासाठीचा पैसा गल्ल्यातून येतो की सावकाराकडून, तिथे लक्ष ठेवायला हवं.